चाळेतला ठेका, ठेक्यातली वीज

कोकणात गणपतीत होणाऱ्या जाखडी या लोकनाचात शाहीर आणि मृदंगवाला मध्ये बसतात, नाचणारे भोवती फेर धरतात, पायात घुंगरांची चाळ असते आणि नाच अनवाणी असतो. नाचणाऱ्याच्या पावलातून वीज आणि संगीत काढायचे गाजलेले प्रयोग मात्र बुटांवर झाले. त्यामुळे रत्नागिरीच्या अंगणात तेच करायचं म्हटलं तर गणित जवळजवळ नव्याने मांडावं लागतं.

आधी बुटांबद्दल. अमेरिकेतल्या एमआयटी मीडिया लॅबमध्ये जोसेफ पॅराडिसो यांच्या गटाने 1990च्या दशकात नर्तकांसाठी सेन्सर लावलेले बूट बनवले. टाच टेकली, चवडा दाबला, पाय वळला की संगणक तसं संगीत बदलायचा. याच गटाने 1998मध्ये चालण्यावर वीज करणारे बूटही दाखवले. दाब पडला की काही पदार्थांच्या पृष्ठभागावर विद्युतभार येतो, हे पिएर आणि जाक क्यूरी या भावांनी 1880मध्येच दाखवलं होतं. बुटात असे पदार्थ बसवून सरासरी एक-दोन मिलिवॉट वीज मिळाली. तेवढ्यावर काही पावलांमागे एक रेडिओ संदेश जायचा. बूट कोणाचा हे कळायला तेवढं पुरतं, पण संगीताला प्रत्येक ठेका हवा.

आजच्या ब्लूटूथ चिपला एक छोटा संदेश पाठवायला दहा-वीसपासून शंभरेक मायक्रोज्यूलपर्यंत ऊर्जा लागते. एक मिलिवॉट मिळत असेल तर अर्ध्या सेकंदात पाचशे मायक्रोज्यूल जमतात. म्हणजे आता जमण्यासारखं आहे. अडचण वेगळीच आहे. अनवाणी पायाखाली काही ठेवता येत नाही, तेव्हा वीज घोट्यावरच्या हिसक्यातून काढायची. पाय सेकंदाला दोन-तीनदा आपटतो, तर पीझो पट्टी, म्हणजे दाबावर वीज देणाऱ्या त्याच पदार्थांची पट्टी, साधारणपणे सेकंदाला शेकडो कंपनांना उत्तम वीज देते. संशोधक यावर एक युक्ती करतात: सावकाश हलणारं वजन पट्टीवर आपटवायचं, मग पट्टी आपल्याच वेगाने थरथरत राहते. घुंगरू नेमकं हेच करतं! आतला दाणा पितळेवर आदळतो आणि पितळ सेकंदाला हजारो वेळा कंप पावतं. चाळेचं वजन पायात असतंच, त्यातल्या एका घुंगराच्या जागी अशी पट्टी बसवली तर नाचणाऱ्याला वेगळं ओझं वाटणार नाही.

दुसरे दोन मार्ग कोकणच्या हवेत लंगडे पडतात. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक विद्यापीठाच्या झोंग लिन वांग यांनी 2012मध्ये घर्षणातून वीज देणारं जनित्र मांडलं. कोरड्या खोलीत ते झकास चालतं, पण भाद्रपदातल्या दमट हवेत पृष्ठभागावरचा भार झिरपून जातो, म्हणून ते हवाबंद करावं लागतं. अंगाच्या उष्णतेवर चालणारं उपकरण तर इथे विसरलेलंच बरं. त्वचा 33-34 अंश आणि बाहेर 29-30, मग फरक उरला चार अंशांचा. निसर्गनियमानेच त्यातून फार तर सव्वा टक्क्याच्या आसपास कार्यक्षमता मिळू शकते, प्रत्यक्षात त्याहून बरीच कमी.

मग साधा बटन सेल का नको? खरं सांगायचं तर चालेल. सीआर2032 सेलमध्ये सुमारे 2400 ज्यूल असतात, एक मिलिवॉटने ते सत्तावीस-अठ्ठावीस दिवस पुरतील. गणपती विसर्जन होऊन चाकरमानी मुंबईला परततील तरी सेल संपायचा नाही. केवळ सेल वाचवायला कोणी हा खटाटोप करू नये.

मला यातलं मोल दुसरीकडे दिसतं. पीझो पट्टीतून निघालेला झटका हीच वीज आणि हीच बातमी. पाय कधी पडला, किती जोरात पडला, हे त्या झटक्याच्या वेळेत आणि उंचीत असतं. वेगळा सेन्सर सतत जागा ठेवायला नको, पाय उचललेला असताना चिप झोपून राहते.

राहिला उशीर. ठेका आणि त्यावर उमटणारा इलेक्ट्रॉनिक सूर यांत दहा मिलिसेकंदांपेक्षा जास्त अंतर नको, असं वाद्यं बनवणारे धरून चालतात. ब्लूटूथच्या दोन संदेशफेऱ्यांमधलं कमीत कमी अंतरच बराच काळ साडेसात मिलिसेकंद होतं. आवाज मात्र दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच जातो, म्हणजे मोठ्या फेरात मृदंगही नाचणाऱ्याला तितका उशिराच ऐकू येतो. स्पीकर दहा मीटर लांब मांडवाच्या कोपऱ्यात टांगला की आणखी जवळजवळ तीस मिलिसेकंद गेलेच. चिपवर जादा पैसे घालण्याआधी स्पीकर मृदंगाशेजारी आणून ठेवावा.