तीन अंत्ययात्रा आणि नियमावलीत नसलेलं एक पद

१० नोव्हेंबर १९८२ ला संध्याकाळी सोव्हिएत टीव्हीवर पोलीस दिनाचा करमणुकीचा कार्यक्रम लागायचा होता. लोक वर्षभर त्याची वाट बघत. तो न सांगता रद्द झाला आणि गंभीर संगीत सुरू झालं. सोव्हिएत संघाचे सर्वोच्च नेते ब्रेझनेव्ह त्या सकाळी गेले होते. बातमी दुसऱ्या दिवशी दिली गेली. तीनच दिवसांपूर्वी ते लाल चौकातल्या संचलनाला थंडीत उभे होते. पुढच्या २८ महिन्यांत हे असं संगीत आणखी दोनदा वाजलं. मॉस्कोकरांनी या काळाला नावही ठेवलं : थाटामाटाच्या अंत्ययात्रांची पंचवार्षिक योजना. लाल चौकात पहारेकऱ्याने अंत्ययात्रेचा पास मागितला, तर ‘माझ्याकडे सीझन तिकीट आहे’ असं सांगणाऱ्या माणसाचा विनोद तेव्हाचाच.

नेते म्हातारे होते, एवढंच कारण सांगून बहुतेक जण थांबतात. पण ते म्हातारे होईपर्यंत तिथेच कसे राहिले? ब्रेझनेव्ह यांच्या आधीचे नेते ख्रुश्चेव्ह यांच्या काळात, १९६१ च्या अधिवेशनात, सत्ताधारी कम्युनिस्ट पक्षाच्या नियमावलीत फेरपालटाचं कलम आलं होतं. दर निवडणुकीला केंद्रीय समिती आणि सर्वोच्च मंडळातले किमान चौथा हिस्सा सदस्य बदलायचे, सर्वोच्च मंडळात साधारण तीनच खेपा मिळायच्या. मान्यवर नेत्यांसाठी पळवाट होतीच, तरी खालच्यांच्या पोटात गोळा आला. १९६४ मध्ये ख्रुश्चेव्ह यांना हटवण्यात या नाराजीचाही वाटा होता. १९६६ ला हे आकड्यांचं बंधन गेलं. कार्यकर्त्यांचं स्थैर्य हा नवा मंत्र झाला. १९८१ च्या अधिवेशनात तर पॉलिटब्यूरो, म्हणजे हेच सर्वोच्च मंडळ, जशीच्या तशी पुन्हा निवडली गेली. तोवर तिचं सरासरी वय सत्तरीला टेकलं होतं. खुर्चीतून उठायला मरण किंवा कट, असे दोनच रस्ते उरले. अफगाणिस्तानातलं युद्ध, परदेशातून आणावं लागणारं धान्य, मंदावलेली वाढ हे सगळं याच मंडळींच्या हातात होतं.

इथे एका शब्दाचा गुंता सोडवायला हवा, नाहीतर पुढचं काही कळत नाही. आपल्याकडे एकेका पक्षात डझनभर सरचिटणीस असतात आणि त्यांच्या डोक्यावर अध्यक्ष. सोव्हिएत पक्षात सरचिटणीसाच्या वर कुणी नव्हतं. १९२२ मध्ये हे पद निघालं तेव्हा ते कार्यालयीन कामाचंच मानलं गेलं. स्टालिनने त्याचंच सगळी सत्ता हाती असलेलं पद करून टाकलं. १९५३ नंतर त्याचं नाव ‘पहिले चिटणीस’ झालं, १९६६ ला पुन्हा ‘सरचिटणीस’. खरी गोम आहे ती ‘दुसरे चिटणीस’ या पदात. नियमावलीत ते पद नव्हतंच. पक्षाच्या सचिवालयाच्या बैठका जो चालवतो आणि सरचिटणीस गैरहजर असले की गुरुवारी पॉलिटब्यूरोच्या अध्यक्षस्थानी जो बसतो, तो दुसरा, एवढंच. ना नेमणुकीचं पत्र, ना ठराव. दीर्घकाळ ही जागा पक्षाच्या विचारसरणीचा कारभार बघणाऱ्या एका वृद्ध नेत्याकडे होती. तो जानेवारी १९८२ मध्ये गेला आणि शर्यत सुरू झाली. मे महिन्यात गुप्तहेर खात्याचे प्रमुख आंद्रोपोव्ह सचिवालयात आले. सहा महिन्यांनी, वयाच्या ६८ व्या वर्षी, ते सरचिटणीस झाले आणि दुसरी जागा ब्रेझनेव्ह यांचे जुने सहकारी चेर्नेन्को यांच्याकडे गेली.

आंद्रोपोव्ह यांची मूत्रपिंडं फेब्रुवारी १९८३ मध्ये निकामी झाली. ऑगस्टनंतर ते लोकांसमोर आले नाहीत. नोव्हेंबरच्या संचलनाला दिसले नाहीत तेव्हा सर्दीचं कारण सांगितलं गेलं. डिसेंबरच्या शेवटी केंद्रीय समितीची बैठक भरली, तिला त्यांनी रुग्णालयातून लेखी भाषण पाठवलं. वाद आहे तो या भाषणाचा. त्यांच्या एका सहायकाने बऱ्याच वर्षांनी सांगितलं की आंद्रोपोव्ह यांनी मजकुराला शेवटी पुरवणी जोडली होती : मला नजीकच्या काळात बैठका चालवता येणार नाहीत, तेव्हा ते काम गोर्बाचेव्ह यांच्याकडे द्यावं. सदस्यांच्या हाती पडलेल्या प्रतीत हा परिच्छेद नव्हता. सहायकाने विचारणा केली, तर त्याला गप्प बसायला सांगण्यात आलं.

गोष्ट चटकदार आहे, म्हणून ती सगळीकडे सापडते. मला तिचं वजन कमी वाटतं. एक तर ती एका माणसाच्या आठवणीवर उभी आहे, आणि ही आठवण सांगितली गेली तेव्हा गोर्बाचेव्ह सत्तेवर आलेले होते. दुसरं, तो परिच्छेद वाचला गेला असता तरी केंद्रीय समिती पॉलिटब्यूरोकडून आलेल्या नावावरच हात वर करत असे, आणि तिथे दुसऱ्या खुर्चीत आधीच चेर्नेन्को बसले होते. त्याच बैठकीत आंद्रोपोव्ह यांची माणसं वरच्या मंडळांत शिरली. पुढे गोर्बाचेव्ह यांच्या कामी आली ती हीच माणसं. तो परिच्छेद कुणी गाळला यावर जेवढी शाई खर्ची पडली, तेवढी या नेमणुकांवर पडलेली नाही.

९ फेब्रुवारी १९८४ ला आंद्रोपोव्ह गेले. वारस जाहीर व्हायला चार दिवस लागले, यावरून काय ते समजावं. ७२ वर्षांच्या चेर्नेन्कोंना फुप्फुसाचा विकार होता, श्रद्धांजलीचं भाषणही त्यांना धड वाचता आलं नाही. सचिवालय गोर्बाचेव्ह यांच्याकडे द्यायला वयोवृद्ध पंतप्रधानांनी हरकत घेतली. मग गोर्बाचेव्ह काम करत राहिले आणि औपचारिक ठराव तसाच राहिला. फेब्रुवारी १९८५ च्या निवडणुकीत रुग्णालयातल्या खोलीलाच मतदान केंद्राचं रूप देऊन चेर्नेन्को मत टाकताना टीव्हीवर दाखवले गेले. बाजूला मॉस्कोचे पक्षप्रमुख, म्हणजे आणखी एक इच्छुक.

१० मार्चला संध्याकाळी चेर्नेन्को गेले. त्याच रात्री पॉलिटब्यूरो जमली. काही सदस्य दूर होते, एक तर अमेरिकेत. अंत्यसंस्कार समितीचा जो अध्यक्ष तोच वारस, ही रीत आधीच्या दोन्ही वेळांना पाळली गेली होती. या वेळी ते नाव गोर्बाचेव्ह यांचं निघालं. दुसऱ्या दिवशी परराष्ट्रमंत्री ग्रोमिको यांनी त्यांचं नाव मांडलं आणि चोवीस तासांच्या आत निर्णय झाला. गोर्बाचेव्ह तेव्हा ५४ वर्षांचे होते. अंत्यविधीला आलेल्या परदेशी पाहुण्यांत राजीव गांधी होते. त्यांनाही पंतप्रधान होऊन जेमतेम चार महिने झाले होते.

वर्ष संपायच्या आत पंतप्रधान आणि मॉस्कोचे पक्षप्रमुख दोघेही पदावरून गेले. एप्रिल १९८९ मध्ये केंद्रीय समितीच्या ७४ सदस्यांनी एकाच बैठकीत निवृत्ती घेतली. जुलै १९९० च्या अधिवेशनात ‘उपसरचिटणीस’ हे पद रीतसर निर्माण करून त्यासाठी निवडणूकही झाली. दुसरी खुर्ची पहिल्यांदाच नियमावलीत आली. त्याआधीच मार्चमध्ये राज्यघटनेतून पक्षाची मक्तेदारी निघून गेली होती. २४ ऑगस्ट १९९१ ला गोर्बाचेव्ह यांनी सरचिटणीसपद सोडलं आणि कार्यभार उपसरचिटणीसांकडे गेला. पाच दिवसांनी संसदेने पक्षाचं कामकाज स्थगित केलं.