जातं, सहाण आणि गाडीचा रंग

सोसायटीच्या पार्किंगमधून गाडी उन्हात काढली की बॉनेटवर कोळ्याचं जाळं दिसतं. सूर्याच्या प्रतिबिंबाभोवती बारीक, एकात एक गोल ओरखडे. काळ्या गाडीवर ठसठशीत, पांढरीवर शोधावे लागतात. आणि आळ येतो सकाळी गाड्या पुसणाऱ्यावर: फडकं गोल गोल फिरवतो, दुसरं काय!

हा आळ निम्मा खोटा आहे. रात्री मोबाइलचा टॉर्च बॉनेटवर धरा आणि हात हळूच बाजूला न्या. जाळंही टॉर्चच्या मागोमाग चालायला लागतं. ओरखडे तर जागचे हलत नाहीत. म्हणजे ही वर्तुळं ओरखड्यांची नाहीत, उजेडाची आहेत. बॉनेटवर हजारो ओरखडे सगळ्या दिशांना पसरलेले असतात, आणि बरेचसे सरळच असतात. पण टॉर्चच्या प्रतिबिंबाला जे आडवे पडलेत तेवढेच उजेड आपल्या डोळ्याकडे फेकतात. प्रतिबिंबाच्या दिशेने रोखलेले दिसतच नाहीत. आडव्यांची रांग प्रतिबिंबाभोवती लागते आणि आपल्याला वर्तुळ भासतं.

निम्मा खरा अशासाठी, की ओरखडे त्या कोरड्या फडक्यानेच पडतात. आपल्याकडची धूळ म्हणजे बेसाल्टचा चुरा आणि त्यात बांधकामाची वाळू. बेसाल्टमधली खनिजं मोह्‌सच्या कठीणपणाच्या मापावर साधारण ६, वाळूतलं क्वार्ट्झ ७. गाडीवरचा सर्वांत वरचा थर, क्लिअर कोट, हा शेवटी प्लास्टिकचाच प्रकार. धूळ आणि तो, दोघांची गाठ फडक्याखाली घालून दिली की काय होणार ते उघड आहे.

हे जाळं पॉलिशच्या मशीनने घालवायचं म्हणजे ओरखडे भरायचे नसतात, त्यांच्या आजूबाजूचा क्लिअर कोट ओरखड्याच्या तळापर्यंत उतरवायचा असतो. शिल्लक किती आहे ते आधी पाहू. कारखान्यातून आलेल्या गाडीच्या पत्र्यावर गंजरोधक थर, प्राइमर, रंग आणि क्लिअर कोट मिळून साधारण १०० ते १३० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) असतात. त्यातला क्लिअर कोट ४० च्या आसपास, म्हणजे डोक्याच्या केसापेक्षाही पातळ. तो नुसता चकाकीसाठी नाही. उन्हातले अतिनील किरण अडवणारी द्रव्यं त्यात मिसळलेली असतात. पॉलिशच्या एका हातात दोन-तीन मायक्रॉन जाऊ शकतात. ठेव मोडून खर्च करण्यातला हा प्रकार, आणि या खात्यात पुन्हा भरणा नाही. म्हणूनच नखाला अडकणारा खोल ओरखडा पॉलिशने घालवायच्या भानगडीत पडू नये.

पॉलिश म्हणजे नेमकं काय, याचं उत्तर न्यूटनने १७०४ सालीच देऊन ठेवलं आहे. दुर्बिणीचे आरसे तो स्वतः घासत असे. त्याचं म्हणणं असं की घासणारी पूड कितीही बारीक असो, ती ओरखडेच पाडते. फक्त ते इतके बारीक होत जातात की दिसेनासे होतात. क्लिअर कोटला हे तंतोतंत लागू पडतं. दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी ०.४ ते ०.७ मायक्रॉन. खडबडीतपणा त्याच्याही बराच खाली गेला की पृष्ठभाग आरसा होतो. मशीनने घासताना लावायचं मलम, म्हणजे कंपाउंड; त्यात बहुतेक वेळा ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड असते, मोह्‌सच्या मापावर ९, माणकाच्या जातीची.

१९२७ साली प्रेस्टन नावाच्या काचतज्ज्ञाने काच घासण्यासाठी एक सोपं सूत्र मांडलं: पृष्ठभाग किती भराभर झिजेल हे दाब गुणिले वेग यावर ठरतं. आजही कॉम्प्युटरच्या चिपसाठी सिलिकॉनच्या चकत्या घासताना ते वापरतात. दाब आपल्या हाताचा. वेग मशीनचा. म्हणजे पॉलिशर, अर्थात पॉलिशचं मशीन, घेताना आपण खरं तर विकत घेतो ती पॅडखालच्या, म्हणजे त्याला लावलेल्या स्पंजच्या चकतीखालच्या, वेगाची वाटणी. वॅट आणि पॅडचा रंग नंतर.

शाळेत भूगोलाच्या तासाला परिवलन आणि परिभ्रमण शिकलो होतो. तेवढं आठवलं तरी दुकानातली सगळी मशिनं समजतात.

पहिलं रोटरी. हे नुसतं परिवलन. जात्यासारखं: मध्ये आस, आणि वरची तळी त्याच्याभोवती गरगर. आसापाशी वेग शून्य, कडेला सर्वांत जास्त. १५० मिलिमीटरचं पॅड मिनिटाला १८०० फेरे घेत असेल तर त्याची कड सेकंदाला १४ मीटर धावते, ताशी ५० किलोमीटर. मध्य जागच्या जागी. मशीन जरा कललं की सगळा भार त्या धावणाऱ्या कडेच्या एका चतकोरावर येतो. शिवाय सगळे कण एकाच दिशेने ओढले जातात, त्यामुळे मागे राहणारे सूक्ष्म ओरखडेही एका शिस्तीत पडतात. उन्हात गाडीच्या अंगावरून सापासारखे सरकणारे पट्टे दिसतात ते हेच. डिटेलिंगवाले, म्हणजे गाड्या चकाचक करून देणारे, त्याला होलोग्राम म्हणतात.

दुसरं ड्युअल ॲक्शन, बोलण्यात नुसतं ‘डीए’. आजी सहाणेवर चंदन उगाळायची ते डोळ्यांसमोर आणा. हात गोल फिरतो, पण खोड स्वतःभोवती फिरत नाही. खोडाच्या तळाचा प्रत्येक बिंदू, मधला काय आणि कडेचा काय, सारख्याच वेगाने घासला जातो. हे परिभ्रमण. डीएमध्ये पॅडची खुंटी मोटरच्या दांड्याच्या मध्यावर न बसवता जराशी बाजूला बसवलेली असते, त्यामुळे पॅड चंदनाच्या खोडासारखं छोटी वर्तुळं काढतं. त्या वर्तुळाचा व्यास म्हणजे ‘थ्रो’: ८, १५, २१ मिलिमीटर वगैरे. १५ चा थ्रो आणि मिनिटाला ४८०० वर्तुळं, तर वेग सेकंदाला पावणेचार मीटर, ताशी १३-१४ किलोमीटर. ८ च्या थ्रोला तो निम्म्यावर येतो. शिवाय खुंटी बेअरिंगवर मोकळी असते, त्यामुळे पॅड हळूहळू स्वतःभोवतीही वळतं. दोन्ही गती मिसळल्या की एकच वाट पुन्हा गिरवली जात नाही. उरलेसुरले ओरखडे दिशाहीन असतात, म्हणून नजरेत भरत नाहीत.

त्या मोकळ्या खुंटीत खरी गंमत आहे. पॅडला स्वतःभोवती फिरवायला गिअर नाही, नुसतं बेअरिंगमधलं घर्षण. जोर लावून दाबलं, किंवा दाराच्या घडीवर पॅडची एकच कड टेकली, की पॅडचं फिरणं थांबतं. मोटर चालू, आवाज चालू, कंपनं चालू, पण घासणं फारच कमी. नवीन माणसाला वाटतं मशीन बोगस आहे. पॅड ज्या चकतीवर बसतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करने एक काळी रेघ मारून ठेवावी. रेघ फिरताना दिसतेय तोवर काम चालू आहे; ती एका जागी थरथरायला लागली की हात हलका करा.

मी हे सगळं उलट क्रमाने शिकलो. आधी ऑनलाइन मागवलेलं स्वस्तातलं रोटरी, मग मेव्हण्याची काळी गाडी, आणि वाचन त्यानंतर. पांढरं शुभ्र पॅड बॉनेटच्या उंचवट्यावर फिरवत होतो. थोड्या वेळाने पॅडवर काळा रंग दिसायला लागला आणि मला चक्क आनंद झाला, वर्षांचा मळ निघतोय म्हणून. क्लिअर कोट असलेल्या गाडीचा रंग पॅडवर येणं म्हणजे क्लिअर कोट संपला, हे मला ठाऊक नव्हतं. उंचवट्याच्या धारेवर दोन बोटं लांबीचा राखाडी प्राइमर उघडा पडला होता. ‘भावोजी, हे आधीपासून होतं का?’ असं मेव्हण्याने अत्यंत सभ्यपणे विचारलं. आता तिथे एका किल्ल्याचा स्टिकर आहे.

चूक भौतिकशास्त्रानेच समजावली. धारेवर रंगाचा थर मुळात पातळ असतो, आणि पॅडचा सगळा दाब तेवढ्याशा रेघेवर एकवटतो. दाब वाढलेला, वेग कडेचा, म्हणजे प्रेस्टनच्या गुणाकारातले दोन्ही आकडे एकदम वर. शिवाय घर्षणाची उष्णता: क्लिअर कोट तापला की मऊ पडतो आणि आणखी भराभर जातो. पत्रा निदान ती उष्णता वाहून नेतो. प्लास्टिकचा बंपर उष्णता नेण्यात पोलादापेक्षा शेकडो पटींनी कच्चा, त्यामुळे तिथे सगळा ताप रंगातच साठतो. धारांवर मास्किंग टेप लावायची असते, हेही मी नंतरच वाचलं.

तर घरच्या गाडीसाठी मशीन घेणाऱ्याला माझं मत विचाराल तर डीए घ्या, रंगाच्या आधी हार मानणारं. पाच इंची प्लेट आणि ८ ते १५ चा थ्रो. आपल्या छोट्या हॅचबॅकच्या अंगावर सपाट जागा कमी आणि वळणं फार. २१ चा थ्रो मोठ्या एसयूव्हीच्या छपरावर शोभतो. इटलीच्या रूपेसने १५ आणि २१ ची मशिनं आणल्यावर मोठ्या थ्रोचं वेड पसरलं, ते व्यावसायिकांसाठी रास्तच आहे, दिवसाला गाडी संपवायची असते त्यांना. आपल्याला रविवार पुरवायचा असतो. पॅड मात्र मशीनच्या मापाचंच लावा. आतलं तोल साधणारं वजन ठरावीक वजनाच्या पॅडसाठी तोललेलं असतं. जड पॅड चढवलं की तासाभरात बोटांना मुंग्या येतात.

मधला एक प्रकार गिअरवाला. जर्मनीच्या फ्लेक्सचं एक्ससी ३४०१ हे त्यातलं प्रसिद्ध मशीन: ८ चा थ्रो, आणि प्रत्येक २० वर्तुळांमागे पॅडचा एक पूर्ण फेरा, सक्तीने. वळणावर ते थांबत नाही, म्हणून कामाला जोरदार. आणि थांबत नाही म्हणूनच शिकाऊ हातात नको. याच फ्लेक्सने १९५४ मध्ये अँगल ग्राइंडर बाजारात आणला. जर्मनीत ग्राइंडरला आजही फ्लेक्स म्हणतात. रोटरी पॉलिशर हा त्या ग्राइंडरचाच शांत भाऊ. पण म्हणून घरातल्या ग्राइंडरला स्पंज लावून पॉलिश करायला जाऊ नका, असे व्हिडिओ भरपूर फिरतात. चार इंची ग्राइंडर मिनिटाला ११,००० फेरे घेतो. कडेचा वेग हिशेबाने ताशी २०० किलोमीटरच्या वर.

आणि डीलरकडची ‘रबिंग पॉलिश’ करून आणलेली गाडी दोन-चार धुण्यांत पुन्हा जाळीदार का दिसते? तेलकट द्रव्यांनी ओरखडे तात्पुरते बुजवलेले असतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळून पुसून घेतलं की खरं चित्र समोर येतं. आपलं काम झाल्यावरही हेच करून पाहावं, नाहीतर आपणच आपल्याला फसवतो.

रोटरीला मी उगाच बदनाम करत नाही. स्टिकरच्या जागी रंग लावता येईल का, हे विचारायला गेलो त्या गॅरेजमध्ये तीसेक वर्षं रंगकाम केलेले उस्ताद रोटरी चालवत होते. दर दोन हातांनंतर हाताची पालथी बाजू पत्र्याला लावून ताप बघायचा, घडीजवळ आलं की बटण सोडून नुसत्या उरलेल्या गतीवर पॅड न्यायचं, धारेला पॅडचा फिरता काठ कधीही आत येताना लावायचा नाही, नेहमी बाहेर जाताना. रोटरीत जे मशीनमध्ये नाही ते सगळं त्यांच्या मनगटात होतं.

माझा नवा डीए मी त्यांच्या हातात दिला. त्यांनी सवयीने तो दारावर दाबला. काळी रेघ जागीच थरथरायला लागली. उस्तादांनी तो उचलून पुन्हा लावला, पुन्हा थांबला. मग माझ्याकडे आणि स्टिकरकडे आळीपाळीने बघत म्हणाले, “तुम्हाला हेच बरं आहे.”