चापातला 'प्ले'

दादरला राहणाऱ्या एका काकांकडे वडिलांच्या काळातली, परवान्यावर नोंदलेली, चापाभोवतीचा दांडा म्हणजे लिव्हर खाली-वर करून काडतूस भरायची, लिव्हर अ‍ॅक्शनची पॉइंट टू-टू (0.22 इंच व्यासाच्या गोळीची) रायफल आहे. वरळीला महाराष्ट्र रायफल असोसिएशनच्या रेंजवर त्यांनी ती मला दाखवली. नळी लक्ष्याकडे, चेंबर (काडतूस बसतं ती जागा) रिकामं, तेही दोघांनी डोळ्यांनी पाहून खात्री केलेलं. त्यांनी रायफल हलकेच वर-खाली केली आणि चाप लोलकासारखा झुलला. टिक, टिक.

"बघ, किती ढिला झालाय. कानशीने जरा घासून नीट बसवून घ्यावा म्हणतो."

"काका, कानस अजिबात नको," मी म्हटलं. "आधी बघू, ढिलं नक्की काय आहे ते."

आपण बोलताना 'घोडा ओढला' आणि 'चाप ओढला' सर्रास एकाच अर्थाने म्हणतो. पण या रायफलीत दोन्ही वेगवेगळे दिसतात. बोटाखाली असतो तो चाप. मागच्या बाजूला उघडा दिसतो, अंगठ्याने मागे ओढता येतो तो घोडा. या दोघांच्या मध्ये, आत लपलेला एक छोटा पोलादी तुकडा असतो. त्याला सिअर म्हणतात. घोड्याच्या पायाशी एक खाच असते. सिअरचं टोक त्या खाचेत अडकलं की घोडा जोरदार स्प्रिंगच्या दाबाखाली मागेच थांबतो. चाप ओढला की सिअर खाचेतून निसटतो, घोडा पुढे आपटतो आणि बार उडतो. उंदराच्या सापळ्यातही हेच असतं: मोठ्या स्प्रिंगला धरून ठेवणारी एक बारीकशी खिट्टी.

आता टिक-टिक. मार्लिन या कंपनीच्या अनेक लिव्हर रायफलींमध्ये चाप आणि सिअर हे दोन सुटे तुकडे असतात. स्प्रिंगचा दाब सिअरवर असतो, चाप जवळजवळ मोकळाच लटकतो. शिवाय आणखी एक अडसर असतो: लिव्हर पूर्ण मिटल्याशिवाय बार उडू नये म्हणून. अशा रायफलीचा चाप कारखान्यातून बाहेर पडतानाच झुलत असतो. ब्राउनिंग कंपनीची बीएल-22 ही 1969 साली आलेली रायफल तर वेगळीच आहे. तिच्यात लिव्हर खाली ओढला की त्याच्यासोबत चापही खाली जातो, म्हणजे बोट मध्ये चिमटत नाही. जो चाप दर वेळी आतल्या यंत्रणेपासून दूर जाऊन पुन्हा जागेवर येतो, त्याला थोडी मोकळीक ठेवावीच लागते.

ही मोकळीक आपल्या ओळखीची आहे. स्कूटरचा क्लच घट्ट करून घ्यायला गेलात तर चांगला मेकॅनिक केबल ताणून बसवत नाही. 'साहेब, थोडा प्ले पाहिजे,' म्हणतो. प्ले नसेल तर क्लच कायम किंचित दाबलेलाच राहतो, प्लेटा पूर्ण चिकटत नाहीत आणि घसरून जळतात. चापाचंही तसंच आहे. तो सिअरला सतत टेकून राहिला तर सिअर खाचेत पूर्ण खोल बसणार नाही. घोडा अर्धवट अडकेल, आणि अर्धवट अडकलेला घोडा धक्क्याने सुटू शकतो. म्हणजे काकांना जो दोष वाटत होता, ती बऱ्याच अंशी सुरक्षेची जागा होती.

मग ती इतकी मोठी का भासते? तरफेच्या नियमामुळे. समजा, चाप ज्या खिळीवर फिरतो तिच्यापासून आतला स्पर्शबिंदू 6 मिलिमीटरवर आहे आणि आपलं बोट 24 मिलिमीटरवर. आत अर्ध्या मिलिमीटरची फट असेल तर बोटाला ती चौपट, म्हणजे 2 मिलिमीटर जाणवते. आतली फट नखाच्या जाडीएवढी, बाहेर मात्र चाप झुलताना दिसतो. स्वप्नील कुसाळेने 1 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर रायफल थ्री पोझिशनचं (गुडघ्यावर, पालथं आणि उभं राहून नेमबाजीचं) कांस्य जिंकलं. तो सामनाही पॉइंट टू-टू रिमफायर (काठावर आघात होऊन पेटणाऱ्या) काडतुसाचाच. तशा सामन्यांच्या रायफलींत नेमबाज मुद्दाम दोन टप्प्यांचा चाप घेतात: पहिला टप्पा हलका आणि मोकळा, मग बोटाला एक भिंत लागते, आणि त्या भिंतीपाशी श्वास धरून नेम पक्का करायचा. काकांच्या चापाची मोकळीक त्याची गावठी भावंड म्हणता येईल. फरक इतकाच की तिला स्वतःची स्प्रिंग नाही.

काळजी करायची ती सिअर आणि खाचेच्या जोडाची. भिंतीत ठोकलेल्या खिळ्याला पिशवी अडकवून पाहा. खिळ्याचं टोक किंचित वर असेल तर पिशवी टिकते, ती काढायला आधी जरा उचलावी लागते. टोक खाली झुकलं तर पिशवी स्वतःच्याच वजनाने घसरते. सिअरच्या खाचेचा कोनही असाच. योग्य कोनात चाप ओढताना घोडा केसभर मागे सरकतो आणि मग सुटतो, त्यामुळे स्प्रिंगचा जोर त्याला खाचेत धरून ठेवतो. वर्षानुवर्षांच्या घर्षणाने कडा गोल झाली की कोन उलटा होऊ लागतो. मग तीच स्प्रिंग घोड्याला बाहेर ढकलते, आणि मध्ये उरतं फक्त पोलादावर पोलादाचं घर्षण. त्यावर तेलाचा थेंब पडला की तेही कमी.

म्हणूनच मी कानशीला एवढा घाबरतो. या भागांचा फक्त वरचा थर कडक केलेला असू शकतो, मिलिमीटरच्या अंशाइतका. कानस फिरवली की तो थर जातो, खालचं मऊ पोलाद उघडं पडतं. पहिले काही दिवस चाप मखमलीसारखा लागतो. नंतर कडा भराभर झिजते.

निरुपद्रवी मोकळीक आणि झिजलेला सिअर यांतला फरक ओळखायला अवजार लागत नाही. रायफल रिकामी, काडतुसं वेगळ्या जागी, नळी सुरक्षित दिशेला. घोडा मागे ओढून अडकवायचा. चापाला बोटही न लावता अंगठ्याने घोड्याला मागून पुढे ढकलायचं. तो जागचा हलता कामा नये. मग लिव्हर जरा जोरात मिटून पाहायचा, तेव्हाही घोडा पडता कामा नये. यांपैकी एकदाही तो सुटला तर ती रायफल भरायची नाही. बंदुकीची दुरुस्ती शस्त्र कायद्यानुसार दुरुस्तीचा परवाना असलेल्याचंच काम आहे, घरच्या टेबलावरचं नाही.

एक पथ्य रिमफायरचं. या काडतुसात पेटणारं मिश्रण बुडाच्या पोकळ काठात भरलेलं असतं आणि घोडा ज्यावर आपटतो ती फायरिंग पिन तो काठ चेंबरच्या कडेवर चिरडते. चेंबर रिकामं असताना पुन्हापुन्हा चाप ओढला तर अनेक रायफलींत पिन थेट चेंबरच्या कडेवर आदळून तिथे खड्डा पाडते. चाचणीसाठी चेंबरमध्ये डमी काडतूस ठेवावं, किंवा वापरलेलं रिकामं, दर वेळी जरा फिरवून.

काकांचा घोडा माझ्या अंगठ्याला बधला नाही. पण दुसरी गोष्ट सापडली. चाप ओढून सोडला की सिअर लगेच परतत नव्हता, रेंगाळत होता. गनस्मिथने, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराने, रायफल उघडली तेव्हा आत डिंकासारखं जुनं तेल होतं. त्यात गोळीवरचं मेण, शिशाची पूड आणि न जळलेली दारू मिसळलेली. पॉइंट टू-टूच्या गोळीला वंगण बाहेरून लावलेलं असतं, त्यामुळे हा चिखल इतरांपेक्षा लवकर साचतो. त्यात मुंबईची दमट हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा, कपाटात बंद रायफलीला सगळंच बाधतं. सिअर परतायला रेंगाळला तर तो खाचेत अर्धाच बसतो. खरा धोका तिथे होता, आणि टिक-टिक करणाऱ्या चापाकडे बघत बसलो असतो तर तो दिसलाच नसता.

साफसफाई झाली, पातळ तेलाचा एक थेंब पडला, कुठलाही भाग बदलावा लागला नाही. पुढच्या रविवारी काकांनी रायफल पुन्हा वर-खाली केली. टिक, टिक, पूर्वीसारखंच. मग त्यांनी घोडा अडकवला, अंगठ्याने ढकलून पाहिला आणि मगच काडतुसांचा डबा उघडला.