ग्रीस एक, वारे दोन: यॉटसाठी सायक्लेडीज की आयोनियन?

"ग्रीसला यॉट भाड्याने घ्यायचीय, ऑगस्टमध्ये, सँटोरिनी-मिकोनोस हवंच." बडोद्याहून होणारी चौकशी बहुतेक वेळा या एका वाक्यात येते, आणि घोटाळाही त्या वाक्यातच असतो. यॉटच्या हिशेबाने ग्रीस म्हणजे दोन वेगळे समुद्र. पूर्वेला एजियन, त्यात सायक्लेडीज बेटं: मिकोनोस, पारोस, नाक्सोस, सँटोरिनी. पश्चिमेला, इटलीच्या बाजूला आयोनियन: कॉर्फू, पॅक्सोस, लेफ्कादा, इथाका, केफालोनिया. व्हिसा तोच, युरो तोच, ताटातलं फेटा चीजही तेच. त्यामुळे फरक फोटोंपुरताच आहे असं वाटतं आणि फोटो बघूनच बेटं ठरवली जातात.

फोटोंचा फरक दोन ओळींत संपतो. सायक्लेडीज सगळ्यांना पाठ आहे: उघडे खडक, पांढरी घरं, निळी दारं. आयोनियनवर व्हेनिसची सत्ता होती, म्हणून तिथे कौलं, रंगीत भिंती, सायप्रस आणि ऑलिव्हची झाडी. कॉर्फूत वर्षाकाठी बडोद्याइतका, किंबहुना थोडा जास्तच पाऊस पडतो, फक्त तो हिवाळ्यात. तिथे जाऊन "हे ग्रीससारखं दिसत नाही" म्हणणाऱ्यांना उत्तर द्यायच्या भानगडीत पडू नये.

भरती-ओहोटीचीही चिंता नको. खंभातच्या आखातावर कावी-कंबोईला स्तंभेश्वराची पिंड पाण्याखाली जाताना पाहिलेला माणूस हा प्रश्न विचारतोच. पण ग्रीसच्या किनाऱ्यावर पाणी वीतभर चढतं, फार तर हातभर.

खरा फरक वाऱ्याचा, आणि तो कोणी विचारत नाही.

जुलै-ऑगस्टमध्ये एजियनवर उत्तरेकडून जो वारा सुटतो, त्याला मेल्तेमी म्हणतात. बाल्कन देशांवर हवेचा दाब जास्त, तुर्कस्तानावर कमी, आणि त्या दोहोंच्या मधून वारा दक्षिणेकडे धावतो. तुर्कस्तानावरचा हा कमी दाब आपल्या ओळखीचा आहे. आपल्याकडे पाऊस आणणारा जो कमी दाबाचा पट्टा, त्याचीच शेपटी इराण-इराकवरून तिथपर्यंत पोचते. बडोद्यात विश्वामित्री नदीला पाणी चढतं त्याच दिवसांत मिकोनोसच्या धक्क्यावर दोर ताणलेले असतात, हा निव्वळ योगायोग नव्हे.

जोर किती? उत्तरायणाच्या मापाने सांगायचं तर ताशी 15-20 किलोमीटरच्या वाऱ्यात पतंग झकास चढतो. मेल्तेमी जोरात आला की वाऱ्याचा जोर मोजायच्या बोफर्ट मापावर 6 ते 7, म्हणजे ताशी 39 ते 61 किलोमीटर. मिकोनोस आणि तिनोसच्या मधल्या खाडीत, तसंच आंद्रोस आणि एव्हिया यांच्या मधल्या सामुद्रधुनीत वारा दाबला जातो आणि आणखी वाढतो. असा वारा तीन-चार दिवस सलग चालतो, कधी आठवडाभर. रात्री पडेलच याची खात्री नाही. फसवतं ते आकाश: ढग नाही, पाऊस नाही, लख्ख ऊन. हवेचा दाब मोजणारा बॅरोमीटरही बऱ्याचदा आधी काही सांगत नाही. डेकवर उभे असलेले पाहुणे कॅप्टनला विचारतात, "एवढी छान हवा आहे, निघत का नाही?" आणि कॅप्टन बिचारा लाटांकडे बोट दाखवतो.

जाताना त्रास कळत नाही. मिकोनोसहून सँटोरिनी 65 सागरी मैलांच्या आसपास, वारा पाठीवर, यॉट सुळकन उतरते. खरी कसोटी परतीची. सँटोरिनीहून अथेन्स साधारण 120 सागरी मैल, म्हणजे 220 किलोमीटर, आणि वारा सगळा नाकासमोर. शांत पाण्यात 20 नॉट, म्हणजे ताशी 20 सागरी मैल, वेगाने सहा तासांचं काम. समोरून आखूड, उभ्या लाटा आल्या की वेग 8-10 नॉटवर येतो, सहाचे बारा-पंधरा तास होतात, केबिनमधल्या काचेच्या वस्तू टॉवेलात गुंडाळाव्या लागतात आणि आजी-आजोबा दिवसभर बिछान्यावर. 24 मीटरची मोटर यॉट 20 नॉटला ताशी 300 लिटरच्या पुढे डिझेल पिते. लाटांशी झुंजताना त्याच वेगाला शांत पाण्यापेक्षा जास्त डिझेल लागतं. हे डिझेल भाड्यात नसतं. ते आगाऊ घेतलेल्या खर्चाच्या रकमेतून जातं. ही रक्कम साधारणपणे भाड्याच्या 30 टक्के असते, आणि ती संपली की आणखी भरावी लागते.

"कॅटमरान घेऊ, ती डोलत नाही" हा दलालांचा आवडता मुद्दा. कॅटमरान म्हणजे दोन सांगाडे जोडलेली बोट. नांगर टाकून उभी असताना ती खरंच कमी डोलते. पण समोरच्या लाटेत त्या दोन सांगाड्यांच्या मधल्या तळावर पाणी खालून दणादण आपटतं, आणि तो आवाज बंद केबिनमध्येही छातीत बसतो.

आता आडोसा. इथे जाणकार म्हणवणारेही चुकतात. वारा उत्तरेचा, तर बेटाच्या दक्षिणेला नांगर टाकावा, असं साधं गणित मांडलं जातं. लाटांपुरतं ते बरोबर. पण तिनोस, आंद्रोस, अमोर्गोससारख्या उंच बेटांवर वारा डोंगर चढतो आणि दुसऱ्या बाजूने झोतासारखा खाली कोसळतो. खाडीतलं पाणी सपाट दिसतं, मध्येच त्यावर पांढरा फेस पळत येतो आणि यॉट एका झटक्यात नांगरावर फिरते. बाहेरच्या मोकळ्या समुद्रापेक्षा हा झोत जास्त असू शकतो. अशा वेळी नेहमीसारखी पाण्याच्या खोलीच्या पाचपट साखळी सोडून भागत नाही, सातपट किंवा जास्त लागते. म्हणजे 6 मीटर पाण्यात 40 मीटरच्या पुढे. खाली वाळू असेल तर नांगर रुतून धरतो, गवत असेल तर तो गवतावरून घसरत जातो, कितीही साखळी सोडा. त्यामुळे अशा उंच किनाऱ्यापेक्षा बैठ्या किनाऱ्याची, खोल आत वळलेली खाडी बरी. पारोसच्या नावसा या मोठ्या उपसागराचे आतले कोपरे अशा वेळी बरे पडतात.

सँटोरिनीचं तर वेगळंच. ज्वालामुखीच्या कढईत पाणी 300 मीटरहून खोल. नांगर टाकायचा कुठे? पाहुण्यांना छोट्या बोटीने धक्क्यावर सोडून यॉट बाहेर तरंगत राहते, किंवा दक्षिणेच्या व्लिखाडा मरिनात जागा मागते. ते मरिना लहान आहे आणि त्याच्या तोंडाशी वाळू साचते. कढईत यॉट उभी, समोर पांढरं गाव, डेकवर रात्रीचं जेवण, हे चित्र ज्यासाठी एवढा खर्च केला तेच तिथे नीट जमत नाही. सँटोरिनी फेरीबोटीने किंवा विमानाने बघावी, आणि यॉट दुसरीकडे घ्यावी.

आयोनियनमध्ये उन्हाळ्यात वायव्येचा माएस्त्रो वाहतो. दुपारी बाराएकला उठतो, बोफर्ट 3 ते 5, आणि सूर्यास्ताला पडतो. यावर सगळा दिवस बेतता येतो: नऊला निघा, दोन तास चला, खाडीत पोहा, जेवा, दुपारी थोडा वारा अंगावर घेत पुढच्या बंदरात शिरा. रात्री पाणी बडोद्याच्या सूरसागर तळ्यासारखं. अंतरं लहान आहेत. इथाका आणि केफालोनिया यांच्या मधला समुद्र काही मैलांचाच, लेफ्कादाहून मेगानिसी त्याहूनही जवळ. मोठे टप्पे दोनच: कॉर्फू ते पॅक्सोस आणि पॅक्सोस ते लेफ्कादा, प्रत्येकी 30 मैलांच्या आसपास.

आयोनियन म्हणजे तळं, असंही समजू नका. सप्टेंबरच्या उत्तरार्धात गडगडाटी वादळं सुरू होतात, आणि सप्टेंबर 2020 मध्ये इयानोस हे भूमध्य समुद्रातलं चक्रीवादळ नेमकं केफालोनिया, इथाका आणि झाकिन्थॉसवर आदळलं होतं. ऑगस्टमध्ये केफालोनियाचं फिस्कार्दो आणि पॅक्सोसचं गायोस ही बंदरं दुपारीच भरतात. यॉट तिथे पाठमोरी लावतात: धक्क्यापासून 40-50 मीटर अलीकडे नांगर टाकायचा आणि मागे मागे येत दोर द्यायचे. संध्याकाळी सहाला पोचलात तर दुसऱ्याच्या साखळीवर तुमचा नांगर पडणार, आणि सकाळी तो निघताना आरडाओरडा होणार. नावंही नीट तपासा. सिवोता नावाची दोन बंदरं आहेत, एक मुख्य भूमीवर, दुसरं लेफ्कादावर. वाथी इथाकालाही आहे आणि मेगानिसीलाही.

मग सायक्लेडीज कधी? मेच्या मध्यापासून जूनच्या वीस तारखेपर्यंत, म्हणजे नेमकी आपल्याकडच्या उन्हाळी सुट्टीच्या आसपास. पाणी जरा गार असतं, पण मेल्तेमी अजून सुरू झालेला नसतो. किंवा सप्टेंबरच्या मध्यानंतर. त्यातही वाऱ्याच्या उलट जायचे टप्पे पहिल्या दोन-तीन दिवसांत उरकावेत, वारा बरा असेपर्यंत, आणि उतरताना वारा पाठीवर घ्यावा. किंवा अथेन्सला चढून पारोसला उतरावं आणि विमानाने परतावं. यॉट रिकामी परत नेण्याचे पैसे वेगळे पडतात, तरी परतीचे ते तास वाचतात. आठ दिवसांत दोन दिवस मोकळे ठेवा. करारात कॅप्टनला हवामान बघून न निघण्याचा अधिकार असतो, आणि त्या दिवसाचे पैसे परत मिळत नाहीत.

सर्वांत वाईट निवड म्हणजे 15 ऑगस्टला जोडून घेतलेली सुट्टी. त्या दिवशी ग्रीसमध्येही मोठा सण असतो, तिनोसला यात्रा भरते, धक्के भरलेले असतात आणि वारा ऐन भरात. सुट्टी तेव्हाचीच असेल तर सरळ आयोनियन. दिवाळीत मात्र दोन्हीकडे जाऊ नये, तोवर हंगाम उरकलेला असतो आणि यॉट किनाऱ्यावर चढवायला लागलेल्या असतात.

माणसं मोजून घ्या. बहुतेक यॉटवर 12 पाहुण्यांची मर्यादा असते. काका-मामा मिळून 16 झालात तर दोन यॉट, आणि दोन यॉट शेजारी शेजारी लावायला जागा आयोनियनच्या लहान बंदरांत दुपारी दोनच्या आत पोचलात तरच मिळते.

जेवणाच्या पसंतीच्या फॉर्मवर नुसतं 'शाकाहारी' लिहू नका; मासे नाहीत, अंडं नाही, माशाचा रस्सा नाही, हे सुटं सुटं लिहा. सामानात तूरडाळ, लिलो चिवडा, भाकरवडी चालते. तूप, पेढे, श्रीखंड नाही, कारण युरोपीय संघात बाहेरचे दुधाचे पदार्थ प्रवाशाच्या सामानातून नेता येत नाहीत. तूप तिथल्या लोण्यापासून स्वयंपाकी कढवून देतो, फक्त आधी सांगावं लागतं.