निर्णयदोष (नाशिक परिसराच्या संदर्भात)

निर्णयदोष : हाताशी असलेला पुरावा आणि स्वतःचे उद्दिष्ट यांच्याशी न जुळणारी समजूत करून घेण्याची किंवा निवड करण्याची मानवी प्रवृत्ती. अज्ञान किंवा मनोविकार यांतून होणाऱ्या चुका या संज्ञेत सहसा धरत नाहीत. चांगल्या बुद्धीची, अनुभवी माणसेही ज्या चुका एकाच दिशेने व पुनःपुन्हा करतात, त्यांचाच येथे विचार होतो. प्रस्तुत नोंदीतील व्यवहारातली उदाहरणे मुख्यतः नाशिक जिल्ह्यातील आहेत.

प्राचीन विचार : भारतीय परंपरेत सदोष विचाराची सर्वांत पद्धतशीर मांडणी न्यायदर्शनात, म्हणजे तर्क व प्रमाणे यांचा विचार करणाऱ्या दर्शनात, आढळते. न्यायसूत्रांचा कर्ता अक्षपाद गौतम मानला जातो. ब्रह्मगिरीवर तप करून गोदावरी आणणारे गौतम ऋषी त्र्यंबकेश्वराच्या स्थलपरंपरेत प्रसिद्ध असल्याने दोघांना एकच मानण्याचा मोह होतो. मात्र नामसाम्यापलीकडे त्यास आधार नाही. गौतमीमाहात्म्याची (गोदावरीच्या माहात्म्याची) कथा पौराणिक आहे आणि तीत तर्कशास्त्राचा विषय येत नाही. भारतीय तर्कशास्त्राचे इतिहासकार सतीशचंद्र विद्याभूषण यांनी तर न्यायपरंपरेतच दोन गौतम कल्पिले : इ.स.पू. सहाव्या शतकाच्या सुमाराचा मिथिलेतील मेधातिथी गौतम आणि इ.स. १५० च्या सुमाराचा, काठेवाडातील प्रभासचा अक्षपाद. यांपैकी पहिल्याविषयीचा पुरावा तुटपुंजा आहे. जर्मन प्राच्यविद्यापंडित हेर्मान याकोबी यांनी १९११ मध्ये, बौद्धांच्या शून्यवादाचे खंडन सूत्रांत दिसते या आधारावर, ग्रंथाचा काळ इ.स. २०० ते ४५० च्या दरम्यान नेला. ग्रंथ एकहाती नसावा, वादपद्धती सांगणारे पहिले व पाचवे अध्याय जुने आणि मधले तीन नंतर जोडलेले असावेत, हे मत अधिक ग्राह्य वाटते. ते मानल्यास कर्त्याच्या जन्मस्थानाचा प्रश्न बराचसा गैरलागू ठरतो.

न्यायसूत्रांत सव्यभिचार, विरुद्ध, प्रकरणसम, साध्यसम व कालातीत असे पाच हेत्वाभास (सदोष हेतू), तीन प्रकारचे छल (बोलण्याचा विपर्यास), चोवीस जाती (फसवी प्रत्युत्तरे) आणि बावीस निग्रहस्थाने (वादात हार ठरवणाऱ्या चुका) सांगितली आहेत. ही यादी वादसभेसाठी आहे : प्रतिपक्षाची चूक कशी पकडावी, हे ती शिकवते. माणूस मुळात का चुकतो, हा प्रश्न चौथ्या अध्यायात येतो. तेथे राग, द्वेष व मोह असे तीन दोष सांगून ‘तेषां मोहः पापीयान्’ (त्यांत मोह सर्वांत वाईट) असा निर्णय दिला आहे, कारण जो मूढ नाही त्याच्या ठिकाणी उरलेले दोन उद्‌भवतच नाहीत. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन याने मोहाचे मिथ्याज्ञान, विचिकित्सा (संशय), मान व प्रमाद असे पोटभेद केले. यांतील ‘मान’, म्हणजे स्वतःविषयीचा फुगीर समज, आधुनिक मानसशास्त्रातील अतिआत्मविश्वासाच्या जवळ जातो. भावनेने बुद्धी झाकोळते हा लोकमान्य समज येथे उलटा केलेला आहे, याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. अर्थात सूत्रकाराचे उद्दिष्ट मोक्ष होते; त्यावरून त्याला मानसशास्त्रज्ञ ठरवणे अतिशयोक्तीचे होईल.

आधुनिक विचार : अर्थशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरलेल्या पूर्ण विवेकी माणसाला हर्बर्ट सायमन (१९१६–२००१) यांनी आव्हान दिले. माहिती, वेळ व गणनक्षमता अपुरी असल्याने माणूस सर्वोत्तम पर्याय शोधत बसत नाही, पुरेसा बरा पर्याय मिळताच थांबतो, अशी त्यांची मांडणी असून ती ‘मर्यादित विवेकशीलता’ म्हणून ओळखली जाते. १९७८ चे अर्थशास्त्राचे नोबेल त्यांना मिळाले. मानसशास्त्रज्ञ अमोस ट्वर्स्की व डॅनियल कानेमान यांनी १९७४ मध्ये अंदाज बांधण्याच्या सोप्या रीती आणि त्यांतून येणारे ठराविक कल यांची मांडणी केली. चटकन आठवणारी घटना अधिक संभाव्य वाटते, आधी कानी पडलेल्या आकड्याभोवती अंदाज घुटमळतो, ही त्यांची परिचित उदाहरणे. तेवढ्याच रकमेच्या लाभाने होणाऱ्या आनंदापेक्षा हानीचे दुःख मोठे असते आणि लाभ-हानी ठरते ती मनातल्या एखाद्या संदर्भबिंदूवरून, हे त्यांनी १९७९ मध्ये दाखवले. कानेमान यांना २००२ मध्ये नोबेल मिळाले. ट्वर्स्की १९९६ मध्येच वारले होते.

जर्मन मानसशास्त्रज्ञ गेर्ड गिगेरेन्झर यांचा आक्षेप असा, की यांतील पुष्कळ ‘दोष’ प्रश्न विचारण्याच्या पद्धतीतून निर्माण होतात. पीटर वेसन यांची चार पत्त्यांची चाचणी (१९६६) या वादात उपयोगी पडते. अक्षरे व अंक यांच्या रूपात दिलेला नियम तपासण्यासाठी कोणते पत्ते उलटून पाहावेत, हे ठरवताना बहुतेक सुशिक्षित माणसे चुकतात. तोच नियम ‘मद्य पिणाऱ्याचे वय ठराविक मर्यादेपुढे हवे’ अशा रूपात मांडला, की बहुतेकांना जमतो. दोष बुद्धीइतकाच बुद्धी आणि परिस्थिती यांच्या जुळणीत शोधावा, हा पक्ष त्यामुळे सबळ होतो. खालील उदाहरणेही त्याच बाजूला झुकतात.

कांदा व द्राक्ष : जिल्ह्यात उन्हाळ कांदा मार्च ते मे या काळात निघतो आणि चाळीत, म्हणजे साठवणुकीच्या हवेशीर शेडमध्ये, भरला जातो. पावसाळ्यानंतर लाल कांद्याची आवक सुरू होईपर्यंत तो थोडाथोडा विकायचा असतो. थांबले तर भाव वाढू शकतो. पण वजन घटते, कांदा सडतो, कोंब फुटतात. मागील हंगामातला चढा भाव मनात धरून बसलेल्या शेतकऱ्याला आजचा लिलाव तोट्याचा वाटतो, मग उत्पादनखर्च निघत असला तरी. हे संदर्भबिंदूचे ठळक उदाहरण म्हणून देता येते. मात्र येथे एक सावधगिरी हवी. निर्यातबंदी २०१९ व २०२० मध्ये सप्टेंबरात आली, ४० टक्के निर्यातशुल्क २०२३ मध्ये ऑगस्टमध्ये लागले, म्हणजे तिन्ही वेळा चाळीत कांदा असताना. लासलगाव-पिंपळगावच्या बाजारात ‘सरकार कधी काय करील सांगता येत नाही’ म्हणून घाईने ट्रॅक्टर भरणारा शेतकरी चटकन आठवणाऱ्या घटनेच्या आहारी जातो, असे पाठ्यपुस्तकाप्रमाणे म्हणता येईल; पण त्याची आठवण वस्तुस्थितीला धरूनच आहे.

भाव चढला की पुढच्या हंगामात लागवड वाढते व भाव कोसळतो, या आवर्तनाला अर्थशास्त्रात कोळिष्टक-सिद्धांत म्हणतात (कॅल्डॉर, १९३४, इझिकिएल, १९३८). शेतकरी तीच चूक वर्षानुवर्षे करील असे मानणे चुकीचे, असा जॉन म्यूथ यांचा १९६१ चा आक्षेप आहे. तो तत्त्वतः योग्य असला, तरी दुसऱ्याने किती रोप टाकले हे पेरणीच्या वेळी कोणालाच ठाऊक नसते, ही अडचण त्याने सुटत नाही.

बागलाण तालुक्यातील आगाप द्राक्षांची छाटणी भर पावसाळ्यात होते. बाग साधली तर हंगामापूर्वीचा उंच भाव मिळतो. फुलोऱ्यात पाऊस लागला तर डाऊनी हा बुरशीजन्य रोग येतो, घड जिरतात. ही जोखीम समजून घेतलेली असते, म्हणून तिला निर्णयदोष म्हणता येत नाही. दोष दिसतो तो नंतर : बाग हातची गेल्याचे दिसत असूनही, आतापर्यंतच्या फवारण्यांवर झालेला खर्च वाया जाऊ नये म्हणून आणखी फवारण्या घेणे. बुडीत खर्चाच्या या परिणामावर आर्क्स व ब्लूमर यांचे १९८५ चे प्रयोग प्रसिद्ध आहेत. मराठीत बुडत्याचा पाय खोलात म्हणतात, ते अशाच वर्तनाला.

गर्दी : सिंहस्थ कुंभमेळ्यात २७ ऑगस्ट २००३ रोजी नाशिक येथे झालेल्या चेंगराचेंगरीत ३९ भाविक मृत्युमुखी पडले. अशा घटनांचे खापर ‘गर्दीला डोके नसते’ असे म्हणून लोकांवर फोडण्याची रीत आहे. मागच्याला पुढचे दिसत नाही आणि विशिष्ट घनतेपुढे व्यक्तीला स्वतःच्या हालचालीवर ताबा राहत नाही, त्यामुळे याला निर्णयदोष म्हणणे बरोबर नाही.

उपाय : शंभरांच्या टक्केवारीऐवजी प्रत्यक्ष माणसांच्या संख्येत माहिती दिली, तर चुका घटतात असे गिगेरेन्झर व हॉफ्राग यांनी १९९५ मध्ये दाखवले. हजारांत एकाला असणारा रोग आणि निरोग्यांपैकी ५ टक्क्यांना चुकून बाधित दाखवणारी चाचणी घ्या. हजार जणांची तपासणी केल्यास एक खरा रुग्ण व सुमारे पन्नास निरोगी ‘बाधित’ निघतील, म्हणजे अहवाल बाधित आलेल्यांपैकी सुमारे २ टक्केच रोगी. हाच प्रश्न टक्केवारीत विचारला असता हार्वर्डमधील ६० डॉक्टर व विद्यार्थ्यांपैकी ११ जणांनाच बरोबर उत्तर देता आले होते (१९७८). प्रशिक्षणाचे परिणाम कितपत टिकतात, याबाबत मतभेद आहेत.

दैव व योगायोग : कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, की कावळ्याने फांदी मोडली असे वाटते, संस्कृतात त्यास काकतालीय न्याय म्हणतात. त्र्यंबकेश्वर येथे कालसर्पशांती, नारायण नागबळी यांसारख्या विधींसाठी दूरदूरचे लोक येतात. अडचण कळसाला पोहोचल्यावर जे केले जाते, त्यानंतर थोडाफार उतार पडणे पुष्कळदा ठरलेलेच असते. टोकाचे मोजमाप पुढच्या वेळी सरासरीकडे सरकते, हे गॅल्टन यांनी १८८६ मध्ये उंचीच्या आकड्यांवरून मांडले होते. ज्यांना उतार पडला ते सांगतात, इतर सहसा गप्प राहतात. विधीच्या श्रद्धामूल्याचा प्रश्न यापेक्षा वेगळा असून तो या नोंदीच्या कक्षेत नाही. फलज्योतिषाची मात्र महाराष्ट्रात आकडेवारीने चाचणी झाली आहे. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी हुशार व मतिमंद मुलांच्या मिळून २०० कुंडल्या गोळा केल्या आणि त्यांतील प्रत्येकी ४० कुंडल्या २७ ज्योतिषांना ओळखण्यास दिल्या. त्यांची सरासरी ४६ टक्के आली. सर्व कुंडल्या पाहणाऱ्या एका ज्योतिषसंस्थेची २०० पैकी १०२ उत्तरे बरोबर आली. नाणेफेकीने १०० च्या आसपास आली असती.