वाळवंटातला झरा आणि बोटभर मासा

अमेरिकेत महामंदी होती तेव्हा बेकार तरुणांना काम द्यायला 1933 मध्ये सरकारने ‘सिव्हिलियन कॉन्झर्व्हेशन कोअर’ काढलं. महिन्याला 30 डॉलर मिळायचे, त्यातले 25 थेट घरी जायचे. याच पोरांनी 1936 ते 1941 या काळात पश्चिम टेक्सासच्या वाळवंटात, बाल्मोरेया नावाच्या चिमुकल्या गावाजवळ, सॅन सॉलोमन झऱ्याभोवती दगडी काठ बांधून सव्वा एकराचा पोहण्याचा तलाव केला.

हा तलाव म्हणजे झऱ्याचं तोंडच आहे. सुमारे साडेसात मीटर खोल तळातून पाणी उसळत वर येतं, दिवसाला जवळपास साडेपाच कोटी लिटर. तलावात मावतं सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे पाच-सहा तासांत सगळं पाणी बदलतं. त्यामुळे क्लोरीन लागत नाही आणि तळाची खडी स्वच्छ दिसते. बाहेर पडलेलं पाणी पाटांनी शेतात जातं.

पाणी बारमाही 22 ते 24 अंश. थंडीत पहाटे शेंदलेलं विहिरीचं पाणी हाताला कोमट लागतं, त्यातलाच हा प्रकार. जमिनीखाली खोलवर ऋतूंचा चढउतार पोहोचत नाही. हे पाणी चुनखडीच्या भेगांमधून दूरवरून येतं आणि त्यातलं बरंचसं हजारो वर्षांपूर्वी पडलेल्या पावसाचं आहे.

पण तलाव बांधताना झऱ्याभोवतीची मूळ पाणथळ गेली, याची मला खरोखर हळहळ वाटते. तिथे बोटभर लांबीचा कोमांची स्प्रिंग्ज पपफिश राहायचा. विणीच्या दिवसांत नर तळाची वीतभर जागा धरून बसतो आणि दुसरा नर जवळ आला की त्याच्यावर धावून जातो. पाणथळ गेल्यावर या माशांनी पाटांचा आसरा घेतला. 1990 च्या दशकात तलावाभोवतीच्या उद्यानातच पाणथळ नव्याने घडवली, आणि मासे तिथे वाढू लागले.

ज्या कोमांची झऱ्यांवरून त्याचं नाव पडलं, ते सुमारे 80 किलोमीटरवर, फोर्ट स्टॉकटन गावात. तिथे वरच्या भागात शेतीसाठी पंप बसले. खालच्या शेतकऱ्यांनी दावा लावला, पण आपल्या जमिनीखालचं पाणी हवं तेवढं उपसायला मोकळीक आहे, असा निकाल 1954 मध्ये लागला. झरे आटले, मासे संपले. 1986 पासून एखाद्या हिवाळ्यात पंप थांबले की तिथे पुन्हा थोडं पाणी वर येतं, आणि उपसा सुरू झाला की जातं.