स्पोर्ट्स कारच्या पुढच्या सस्पेन्शनचे बुश बदलणे

गाडीचं पुढचं चाक ज्या आर्मवर धरलेलं असतं तो आर्म चेसिसला किंवा सबफ्रेमला (चेसिसखाली बोल्टने बसवलेल्या छोट्या सांगाड्याला) जिथे बोल्टने जोडतात तिथे बुश असतो. आत स्टीलची नळी, बाहेर स्टीलचं कवच आणि दोघांच्या मधे पक्कं चिकटवलेलं रबर. बोल्ट आवळला की आतली नळी जागेवर गच्च बसते, ती फिरत नाही, चाक वर-खाली झालं की मधलं रबरच पिळलं जातं आणि परत सुटतं. एवढं डोक्यात बसलं की बाकीचं काम आपोआप समजतं, आणि हे काम करताना जी चूक सगळ्यात जास्त होते ती का होते ते पण कळतं, तिच्याबद्दल खाली सविस्तर लिहिलंय.

गाडीत मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र, खाली एकच आर्म) असेल तर एका बाजूला बहुतेक दोनच बुश, दोन्ही लोअर म्हणजे खालच्या आर्मचे. डबल विशबोन असेल तर वरचा आर्म आणि खालचा आर्म, प्रत्येकाला दोन, म्हणजे पुढे एकूण ८. १९८९ साली आलेली पहिली माझदा एमएक्स-५ अशीच आहे. एल आकाराच्या लोअर आर्ममधे एक बुश कडक असतो, तो वळणावरचा आडवा जोर घेतो, आणि दुसरा मोठा नि मऊ असतो, तो ब्रेक मारताना नि खड्ड्यात आपटताना बसणारा पुढे-मागे धक्का घेतो, आणि बहुतेक वेळा हाच आधी जातो. काही गाड्यांत या मोठ्या बुशच्या आत पातळ द्रव भरलेला असतो, तो फुटला की आर्मवर काळपट ओघळ दिसतो, मग बाकी काही तपासायची गरजच नाही.

सोलापुरात बुशवर दोन्हीकडून मार बसतो. उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जातो आणि रबर नुसतं किलोमीटरने म्हातारं होत नाही, उष्णतेने आणि हवेतल्या ओझोनने पण त्याला चिरा पडतात, त्यामुळे रविवारी एकदा विजापूर रोडला चक्कर मारून बाकी आठवडा उभी असणारी गाडी असली तरी बुश जातातच, मीटरवर किलोमीटर कमी दिसले म्हणून सेकंडहँड गाडीचे बुश चांगले असतील असं धरून चालू नये. दुसरं म्हणजे रस्ते. ऊसाच्या हंगामात डबल ट्रॉलीचे ट्रॅक्टर चालून कारखान्यांकडचे रस्ते खचतात, शिवाय दर थोड्या अंतरावर स्पीडब्रेकर. साध्या गाडीचा जाड टायर यातला बराच धक्का स्वतः पितो, स्पोर्ट्स कारचा टायर बारीक कडेचा असतो, तो धक्का सरळ आर्मवर आणि तिथून बुशवर येतो.

लक्षणं ओळखीची आहेत. स्पीडब्रेकरवरून हळू उतरताना खालून ठक्क असा एकच जाड आवाज येतो, जोरात ब्रेक मारला की स्टेअरिंग एका बाजूला ओढतं, पुणे हायवेला वेग धरला की गाडी सरळ रेषेत राहत नाही सारखी सावरावी लागते, आणि टायर आतल्या कडेने खाल्ला जातो. पण "अण्णा, बुश गेलंय" असं आवाज ऐकूनच सांगणाऱ्यावर लगेच विश्वास ठेवू नये, तसाच आवाज लिंक रॉडचा (अँटी-रोल बारला जोडणारी छोटी दांडी) आणि बॉल जॉइंटचा (आर्मच्या चाकाकडच्या टोकाचा गोळ्याचा सांधा) पण येतो आणि लिंक रॉड बदलणं फार स्वस्त पडतं. खात्री करायची तर गाडी स्टँडवर घेऊन आर्म आणि सबफ्रेमच्या फटीत टॉमी (लोखंडी पहार) घालून हलक्या हाताने उचकायचं. चांगलं रबर थोडं दबतं आणि लगेच मागे येतं, फाटलेल्यात चीर उघडताना डोळ्यांनी दिसते. दुसरी पद्धत, एकाने गाडी अगदी हळू पुढे-मागे घेत ब्रेक मारायचा आणि दुसऱ्याने बाजूला लांब उभं राहून चाक मडगार्डच्या आत किती सरकतं ते बघायचं.

काम सुरू करण्याआधी गाडी सपाट जागी चाकांवर उभी असतानाच चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर टेपने मोजून लिहून ठेवायचं, दोन्ही बाजूंचं. हा आकडा शेवटी लागतो. स्पोर्ट्स कार इतकी खाली असते की साधा जॅक आत जात नाही, आधी चाकं लाकडी फळ्यांवर चढवून घ्यावी लागतात, आणि नुसत्या जॅकवर ठेवून खाली कधीच शिरायचं नाही, स्टँड लावायचेच. मग चाक काढायचं, लिंक रॉड सोडायचा, बॉल जॉइंट मोकळा करायचा आणि आर्मचे बोल्ट. एमएक्स-५ सारख्या गाडीत खालच्या आर्मचे बोल्ट कॅमवाले असतात, कॅम्बर (चाकाचा आत-बाहेर झुकाव) आणि कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा पुढे-मागे झुकाव) त्यावरच सेट होतं, म्हणून ते कुठल्या रेघेवर होते त्याची खूण करून मगच सोडायचे. हे बोल्ट आतल्या नळीत गंजून चिकटलेले असतात, आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल मारून ठेवलं तर सकाळी त्रास कमी होतो.

जुना बुश जाळून काढायची पद्धत आपल्याकडे सर्रास चालते, ती बंद व्हायला पाहिजे. धूर विषारी, आणि आर्म अल्युमिनियमचा असेल तर आच लागून त्याची ताकद जाते, वरून काहीच दिसत नाही. बुश प्रेसवरच काढावा. अक्कलकोट रोड एमआयडीसी हा यंत्रमागांचा भाग असल्यामुळे तिकडे लेथवाले मिळतात, त्यांच्याकडून बुशच्या बाहेरच्या मापाचा एक ठोकळा आणि आर्मखाली धरायला एक पोकळ वाटी टर्न करून घेतली की काम अगदी सुरेख होतं. प्रेसचा जोर फक्त बाहेरच्या कवचावर आला पाहिजे, आतल्या नळीवर दाबलं तर नवीन बुश बसतानाच फाटतो. बुश आत किती खोल होता आणि काही बुशच्या रबरात मुद्दाम ठेवलेल्या पोकळ्या असतात त्या कुठल्या दिशेला होत्या ते काढायच्या आधी मार्क करायचं, कारण पोकळ्यांचा बुश फिरवून बसवला तर मऊ बाजू भलतीकडे येते. घालताना साबणाचं पाणी चालतं, ऑइल किंवा साधं ग्रीस नाही, त्याने रबर फुगतं.

आता ती चूक. गाडी स्टँडवर, चाकं लटकलेली, आणि मेकॅनिक तिथेच बोल्ट पूर्ण आवळून मोकळा होतो. लटकलेल्या स्थितीत आर्म खाली झुकलेला असतो, आतली नळी त्याच कोनात पकडली जाते, मग गाडी जमिनीवर आली की आर्म वर येतो आणि रबर कायमचं पिळलेलं राहतं, टॉवेल पिळून तसाच धरून ठेवल्यासारखं. उभ्या गाडीतसुद्धा ते ताणातच असतं, पुढची बाजू जरा उंच बसते आणि वर्षानुवर्षं टिकणारा बुश काही महिन्यांत फाटतो, मग दोष पार्टला दिला जातो आणि गिऱ्हाईक दुसऱ्यांदा मजुरी भरतं. खरी रीत अशी की बोल्ट आधी नुसते हाताला लागतील इतकेच आवळायचे, मग आर्मखाली जॅक देऊन सुरुवातीला लिहिलेलं अंतर परत येईपर्यंत तो उचलायचा, किंवा गाडी रॅम्पवर नाहीतर पिटवर चाकांवर उभी करायची, आणि तेव्हाच टॉर्क रेंचने मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळायचं. यासाठी जास्तीचा अर्धा तास लागतो, तो मालकाने मागून घ्यावा, शेजारी उभं राहून घ्यावा.

पॉलियुरेथेनच्या बुशला ही अडचण नाही कारण तो नळीला चिकटलेला नसतो, नळीवर फिरतो. तो कडक असतो, स्टेअरिंग एकदम नेमकं होतं, पण रस्त्याची प्रत्येक खडखड आत येते आणि सिलिकॉन ग्रीस कमी पडलं की चूं चूं वाजतो, सोलापूरच्या धुळीत तर लवकरच. रोज चालवायच्या गाडीला कंपनीच्या मापाचं रबरच बरं. गावात मिळालं नाही तर पुण्याला नाना पेठेत चौकशी करावी, आणि डावा-उजवा दोन्ही बाजूंचा सेट एकदमच घ्यावा.

बुश बदलल्यावर अलाइनमेंट करावीच लागते, कॅम्बर, कॅस्टर, टो (वरून बघताना चाकं आत किंवा बाहेर किती वळलेली आहेत ते) तिन्ही. फक्त टो बघून सोडणाऱ्याकडे जाऊ नये आणि आधीचे व नंतरचे आकडे छापून मागावेत.